‘वी’ म्हणजे किती जण?

प्रश्न विचारला की ती आधी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवायची. माझ्या स्वयंपाकघरातलं स्टूल असो की जिन्याची पायरी, तळवे खाली दाबून ती त्यांच्यावर बसायची आणि मग म्हणायची, "थांबा वाईच, बाई." हातांची थरथर समोरच्याला दिसू नये म्हणून ही युक्ती होती. युक्तीत एकच खोट होती. हात दाबले की थरथर खांद्यांत चढायची.

तुम्ही दोघांनीही तिला पाहिलं आहे. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून पाण्याची बाटली घेऊन एक मुलगी जिना चढून गेली होती आणि तुम्ही विचारलं होतं, "आजी, ही कोण?" मी "वरची भाडेकरू" म्हणाले आणि विषय बदलला. मी सहसा विषय बदलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा तिचं एक गुपित माझ्याकडे होतं आणि मी ते आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांसारखं सांभाळत होते.

ती आटपाडीकडची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. अलीकडे कालव्याचं पाणी आल्यापासून थोडी डाळिंबाची बाग. त्या घरातली पदवी घेतलेली ती पहिली. पुण्याच्या एका कंपनीत ती प्रॉडक्ट मॅनेजर होती. एका सकाळी कंपनीने बऱ्याच जणांना एकदम घरी पाठवलं, त्यांत तीही. पुण्यात खोली परवडेना आणि गावी तर जाताच येईना, म्हणून ती मध्येच साताऱ्यात उतरली. घरी सांगितलं, "कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलंय. गावात नेट चालत न्हाई, म्हणून साताऱ्यात खोली घेतलीय."

गावी का जाता येत नव्हतं, ते सांगते. तिची धाकटी बहीण सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होती, होस्टेलवर. घरचा कारभार चुलत्याकडे. त्याला त्या दोघी तात्या म्हणायच्या. तात्याने भावकीसमोर सांगून टाकलं होतं : थोरली कमावती हाय तवर धाकटीनं शिकावं. थोरली घरी आली, की दोघींची लग्नं एका मांडवात.

"म्हंजे माझी नोकरी गेल्याचं कळलं की तिचं कॉलेज गेलं, बाई," तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. भाड्याच्या करारावर सही करताना नोकरीच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं होतं आणि मी चष्म्यावरून पाहिलं होतं. तेवढंच पुरलं. शाळेत तीस वर्षं मी अशीच पाहायचे आणि मुली आपणहून कबुली द्यायच्या.

तिच्या कामाचा अर्थ मला कळेना. मी तिलाच विचारलं, "अगं, हा प्रॉडक्ट मॅनेजर करतो तरी काय?"

ती विचार करून म्हणाली, "कळप कुठं न्यायचा ते ठरवायचं. मेंढरू मात्र एकबी आपलं नसतं. आणि एखादं दरीत गेलं की सगळी आपल्याकडं बघत्यात."

ही व्याख्या मी वहीत लिहून ठेवली आहे.

तीन ठिकाणी तिचे इंटरव्ह्यू झाले आणि तिन्ही ठिकाणांहून नम्र नकार आले. तिसऱ्याच्या दिवशी दुपारी ती जिना उतरून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मी शेंगा सोलत होते.

"बाई, त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाले, तुम्ही सारखं ‘वी’, ‘वी’ म्हणताय. ‘वी’ म्हणजे किती जण? त्यांत तुम्ही काय केलंत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? आमी म्हंजे... आमी."

माझ्या लक्षात आलं. तिच्याकडे माणूस स्वतःला ‘आमी’च म्हणतो. आमी जेवलो, आमी येतो, आमी न्हाई जा. एकटी बाई विहिरीवर जाऊन आली तरी ‘आमी पानी आनलं’. तेच ती इंग्रजीत नेत होती. स्वतः राबून केलेलं काम पाच माणसांच्या कळपात सोडून देत होती आणि पलीकडच्या लोकांना वाटत होतं, की हिने काहीच केलं नाही.

हा ‘आमी’ मी तीस वर्षं मुलींच्या वह्यांतून लाल शाईने खोडला होता. मला वाटलं, एवढंच ना? महिनाभराचं काम.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. मी दोनशे पानी वहीत रकाने आखले. नेहमी विचारले जाणारे प्रश्न तिने सांगितले, मी उतरवले. रोज सकाळी दहा वाजता मी टेबलाच्या एका बाजूला कंपनी होऊन बसायचे आणि दुसऱ्या बाजूला ती, हातांवर.

पहिला प्रश्न साधा होता : स्वतःविषयी सांगा. वेळ दोन मिनिटं. तिने आटपाडीपासून सुरुवात केली, मग वडील, तात्या, मेंढरं, बहीण, सांगलीचं होस्टेल. दोन मिनिटं झाली तेव्हा ती अजून जन्मलीच नव्हती.

"आणि तू कुठे आहेस यात?" मी विचारलं.

"येतेय की, बाई. थांबा वाईच."

मग एक अंदाजाचा प्रश्न. साताऱ्यात रोज किती कप चहा विकला जात असेल? यात खरा आकडा कोणालाच नको असतो, डोकं कसं चालतं ते पाहायचं असतं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती आलीच नाही. साडेअकराला आली, घामाघूम, हातात वही. एसटी स्टँडवरच्या टपरीसमोर उभी राहून तिने दीड तास कप मोजले होते. टपरीवाल्याला वाटलं, ही नगरपालिकेकडून आली आहे. त्याने तिला दोन चहा फुकट पाजले.

"अगं, अंदाज करायचा होता!"

"अदमासानं कसं सांगायचं? लहानपणी तात्या सांजच्याला विचारायचा, किती हायती? अदमासानं सांगितलं की पाठीत बसायची. म्हणायचा, अदमास म्हंजी लांडग्याचा वाटा."

ती हसत नव्हती. ते वाक्य उच्चारताना तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं, जसा काही लांडगा तिथेच बसला होता. फोन वाजला तरी ती अशीच बघायची. गावाकडचा नंबर दिसला की आधी घसा खाकरायची, चेहऱ्यावर ऑफिस आणायची आणि मग उचलायची. "व्हय तात्या, कामातच हाय."

‘वी’साठी मी चिंचोके काढले. टेबलावर पितळेची वाटी ठेवली. ती ‘वी’ म्हणाली की मी एक चिंचोका वाटीत टाकायचा. टण्. पहिल्या दिवशी वाटी भरली आणि तिचे डोळेही. दचकायची बिचारी प्रत्येक वेळी. पण पोरगी चिवट होती. आठवड्याभरात निम्मे चिंचोके उरले. तिसऱ्या आठवड्यात तर अर्धा तास बोलली आणि वाटीत फक्त दोन. काम कसं ठरवलंत? आय. इंजिनिअर ऐकेना तेव्हा काय केलंत? आय. तिच्या तोंडून निघणारा प्रत्येक ‘आय’ ओल्या फरशीवर पाय टाकावा तसा निघायचा, पण निघायचा.

एका प्रश्नाला मात्र वाटी भरतच राहिली. तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा.

तिची चूक अशी होती. तिची कंपनी फोनवरचं एक अ‍ॅप चालवायची. गावातल्या माणसाने त्यावरून जनावरांचा डॉक्टर घरी बोलवायचा. पडद्याच्या तळाशी एक मोठं हिरवं बटण होतं. ते दाबलं की थेट माणसाशी बोलता यायचं. ते बटण फार थोडे लोक दाबतात असं दिसलं, म्हणून ते काढून टाकलं. पडदा स्वच्छ झाला, वरिष्ठ खूश झाले. पण ज्यांना वाचता येत नव्हतं, तेच ते थोडे लोक होते. एका म्हातारीची म्हैस वेताला अडली. म्हातारी त्या पडद्यावर हिरवं बटण शोधत राहिली. म्हैस गेली.

हे सगळं ती इंग्रजीत नीट सांगायची. फक्त, ‘वी डिसायडेड’. टण्. ‘वी रिमूव्हड’. टण्. ‘वी लर्न्ट’. टण्.

"अगं, बाकी सगळीकडे जमतं, इथेच का नाही?" मी एकदा जरा शिक्षकी आवाजातच विचारलं.

मग हात मांडीखालून काढून तिने टेबलावर ठेवले. ते थरथरत होते, पण या वेळी तिने लपवले नाहीत.

"बाकी ठिकाणी आमी म्हंजे मी, बाई. इथं ते तसं न्हाई. बटण मी एकटीनं काढलं. कुणाला इचारलं न्हाई. रिपोर्टात मात्र ‘आमी’ लिहिलं. कुणी इचारलंबी न्हाई, आमी म्हंजे कोण. मी ‘आय’ म्हनले की ती म्हैस माझ्या अंगणात येऊन पडंल."

माझ्या हातातला चिंचोका हातातच राहिला. लाल शाईने खोडता येईल असं हे नव्हतं. मी वही मिटली आणि त्या दिवशीची शाळा सोडून दिली. मी शाळा लवकर सोडण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

चौथा इंटरव्ह्यू सकाळी अकराला होता. व्हिडिओवर. आमच्याकडे वरच्या खोलीत रेंज फक्त खिडकीपाशी येते आणि ती खिडकी उघडी ठेवावी लागते. ती खिडकीला खुर्ची लावून बसली. ही नोकरी मिळाली नाही तर दिवाळीला गावी सांगून टाकायचं, असं तिने आदल्या दिवशी ठरवलं होतं. मी खाली अंगणात, बरोबर त्या खिडकीखालच्या दगडी बाकावर बसले. काही ऐकायला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मांडीवर निवडायला मेथी होती. एकच काडी मी पाच वेळा निवडली.

सव्वा अकराला फाटक वाजलं. डोक्याला पटका, खांद्यावर पोतं, हातात काठी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तरी मला लगेच कळलं, हे तात्या.

"आवं बाई! आमची पोरगी हितंच ऱ्हाती न्हवं?"

माळावरच्या माणसाचा आवाज तो, चार शेतं ओलांडून जाणारा. मी ताडकन उठले. मेथी सांडली. तोंडावर बोट ठेवून मी म्हणाले, "हळू बोला, तिची मीटिंग चालू आहे. मोठी माणसं आहेत."

"व्हय व्हय," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला. त्यांचं कुजबुजणं म्हणजे आपलं साधं बोलणं. पोतं उतरवून ते बाकावर टेकले. "डाळिंबं आनल्यात. पोरीला आवडत्यात. फलटणला सोयरिकीत आल्तो, म्हनलं जाताना बघून जावं."

वरून तिचा आवाज येत होता. तात्या मान वर करून ऐकू लागले. चेहऱ्यावर असं काही समाधान, की मला त्यांच्याकडे पाहवेना. "लय फाडफाड बोलती की! आमाला एक अक्षर कळंना. पर झऱ्यावानी चाललंय."

मी देवाला म्हणत होते, आणखी वीस मिनिटं. वीस मिनिटं या माणसाला गप्प ठेव. चहा करायला आत जावं, तर हे हाक मारतील. न जावं, तर विचारतील. मी तशीच उभी राहिले.

मग वर प्रश्न आला. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिची शांतता ऐकू आली. मी ती शांतता ओळखत होते. हात मांडीखाली गेले असणार.

"आय फेल्ड," ती म्हणाली.

तात्यांची मान झटकन माझ्याकडे वळली. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हा शब्द महाराष्ट्रातल्या कोणत्या खेड्यात पोहोचलेला नाही?

"फेल म्हनली न्हवं?"

"मशीन," मी म्हणाले. आयुष्यात मी फार थोडं खोटं बोलले आहे आणि त्यामुळे मला सराव नाही. "कंपनीचं मशीन फेल झालं म्हणते."

"मशीन व्हय. मग ठीक हाय."

वर ती पुढे बोलत होती. आय रिमूव्हड इट. ते मी काढलं. माझ्या कानांनी वाटीतल्या आवाजाची वाट पाहिली. आला नाही. आय डिड नॉट आस्क एनीवन. मी कोणाला विचारलं नाही. हे वाक्य आमच्या वहीत नव्हतं. मग ती म्हणाली, की आमच्या घरी कळप मोजताना जी मेंढरं आहेत ती कोणालाही दिसतात. जे नाही ते बघायला शिकवतात. मला ते शिकवलं होतं आणि मी ते विसरले. शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला. मग सावरला. मग पुढे चालू झाला.

तात्यांनी काठीच्या टोकाने जमिनीवर एक रेघ ओढली, ती पायाने पुसली.

"बाई, मशीन फेल झालं तर पोरगी कशापायी रडंल?"

मी सांडलेल्या मेथीसाठी वाकले.

"नोकरी गेली का तिची?"

मी गप्प. पण शिक्षिकेचं गप्प राहणं म्हणजे उत्तरच असतं, हे त्यांनाही कळलं असावं.

"आवाजावरनं कळतं," ते खिडकीकडे न बघता म्हणाले. "कोन्चं मेंढरू कळपाभाईर हाय, ते आवाजावरनं कळतं. कवापासनं?"

"चार महिने," मी म्हणाले. "हा इंटरव्ह्यू दुसऱ्या नोकरीसाठीच चालू आहे. आणि तात्या, त्या धाकटीला..."

त्यांनी हात वर केला. मी थांबले. ते उठले, पोतं परत खांद्यावर घेतलं. डाळिंबं ठेवा तरी, असंही मला म्हणवलं नाही.

"आमी आल्तो म्हनून सांगू नगा."

"पण तुम्ही काय करणार आहात?" माझा आवाज तिच्यासारखाच झाला होता.

फाटक, इतक्या जोरात बोलणाऱ्या माणसाने, आवाज न करता लावलं.

ती खाली आली तेव्हा मी अंगणातली मेथी गोळा करत होते. "झालं, बाई," ती म्हणाली. "म्हैस पडली अंगणात. पर मी हाय अजून."

मी तिला जवळ घेतलं. आणि काही सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस मी फोनच्या आवाजाला तिच्यापेक्षा जास्त दचकत होते. ती कंपनीची वाट पाहत होती आणि मी आटपाडीची. मनातल्या मनात मी लग्नाचा मांडव पाहिला, दोन मुंडावळ्या पाहिल्या. माझ्या एका चुकीच्या शब्दाने एका मुलीचं कॉलेज गेलं, असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.

तिसऱ्या दिवशी सांगलीहून बहिणीचा फोन आला. ही टेबलापाशी बसून बोलत होती. पाहता पाहता चेहरा पांढरा पडला, मग गोंधळला.

"बाई, तात्या सांगलीला गेला होता. परवा सांच्याला. हिच्या होस्टेलच्या दारात."

"काय म्हणाला?" मी स्टूल धरून ठेवलं.

"पोतंभर डाळिंबं देऊन गेला. आणि म्हणाला..." तिने फोन पुन्हा कानाला लावला, "काय म्हणाला गं? परत सांग." मग ती माझ्याकडे पाहून, तात्यांच्याच आवाजात म्हणाली, "‘थोरलीचं व्हईल तवा व्हईल. तू शीक. आमी हाय.’"

आमी हाय. तेवढंच.

"असं का म्हणाला असंल, बाई? आणि डाळिंबं घेऊन सांगलीला कशाला गेला?"

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि ओट्याकडे वळले. विषय बदलायला मी एव्हाना शिकले होते.

नोकरीचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. मला वाटलं, ती नाचेल. ती जिना उतरून आली, स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीखाली सरकवले आणि म्हणाली, "आता खरंच करावं लागंल, बाई." मी वाट पाहिली, पण भीती काही गेली नाही. ती तिच्याबरोबरच पुण्याला गेली असावी. एका अर्थी बरंच झालं. बटण काढण्याआधी आता ती थांबेल वाईच.

आता वरची खोली रिकामी आहे. खिडकी मी उघडीच ठेवते. ती डाळिंबं आधी इथे आली होती, हे तिला अजून ठाऊक नाही. तात्यांनी सांगू नका म्हटलं होतं आणि मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हा दोघांना सांगितलं, ते घरातलं. कधी भेटलात तिला, तर बोलू नका.

निघाली त्या दिवशी रिक्षा फाटकाशी उभी होती. तिने वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, जिन्याकडे एकदा पाहिलं.

"आमी येतो, बाई," ती म्हणाली आणि जीभ चावली. आम्हा दोघींचीही नजर टेबलावरच्या वाटीकडे गेली. चिंचोका माझ्या हाताशीच होता. मी तो पदराला बांधला.